रंगवलेल्या बाल्कन्या

‘पोकेमॉन लेजेंड्स: झेड-ए’ हा गेम ऑक्टोबर २०२५ मध्ये बाजारात आला, पण अमेरिकेतल्या चाहत्यांची त्यावरची भांडणं ट्रेलरपासूनच जुंपली होती. विषय होता बाल्कन्या. अख्खा गेम लुमिओस नावाच्या एकाच शहरात घडतो, शहर पॅरिसवर बेतलेलं, आणि जवळ जाऊन पाहिलं की इमारतींच्या खिडक्या-बाल्कन्या सपाट भिंतीवर रंगवलेल्या दिसतात. साध्या स्विचवर साठ डॉलर, स्विच २ वर सत्तर, आणि पदरात हे. चिडलेल्यांना निष्ठावंतांचं उत्तर ठरलेलं: पोकेमॉन काय कुणी ग्राफिक्ससाठी खेळतं? मला दोन्ही बाजूंचं म्हणणं अर्धवट वाटतं. बाल्कनी सपाट असती तरी चाललं असतं. तिच्या आत कुणी राहत असेल, असं एकदा तरी वाटायला हवं होतं.

हे ठासून म्हणायचं कारण असं की, याच गेममालिकेने एक शहर झकास वसवलेलं आहे. मी राहतो तिथून हडसन ओलांडली की ते लागतं. ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ हे जोडगेम जपानमध्ये २०१० साली आणि इथे मार्च २०११ मध्ये आले. त्यातला युनोव्हा प्रदेश न्यूयॉर्क आणि आसपासच्या मुलखावर रचलेला. मुख्य मालिकेने जपानबाहेरची भूमी पहिल्यांदा निवडली ती ही. निन्टेंडो डीएसचा पडदा तो केवढा, पण स्कायअॅरो पुलावरून त्यातल्या कॅस्टेलिया शहरात शिरताना कॅमेरा असा काही झोकात फिरतो की ब्रुकलिन ब्रिज पायी ओलांडलेल्या माणसाने ‘अरे, हेच ते’ म्हणावं. पुढे रस्त्यावर माणसांचा लोंढा. बहुतेक जण अंगावरून सरळ निघून जातात, बोलायला कुणाला सवड नाही. आइस्क्रीमवाल्यापुढे मात्र रांग. निंबासा शहरात गेलात तर संगीतनाट्यगृह, खेळांची मैदानं आणि भुयारी रेल्वे, जिच्या डब्यांतच लढती लावायच्या.

त्या वेळी चाहत्यांनी ट्रबिशची भरपूर टर उडवली होती. कचऱ्याच्या पिशवीचा पोकेमॉन! कल्पना संपल्या म्हणाले. मॅनहॅटनच्या फुटपाथवर रात्री काळ्या पिशव्यांच्या राशी ज्याने पाहिल्यात, त्याला मात्र ते उत्तम निरीक्षण वाटेल. शिवाय पिडोव्ह हे कबूतर आहेच. न्यूयॉर्कवरच्या गेममध्ये कबूतर नसतं तरच नवल. गोष्ट संपेपर्यंत जुना एकही पोकेमॉन दाखवायचा नाही, फक्त नवे १५६, असा हट्ट तेव्हा गेम फ्रीक या कंपनीने धरला होता. पिकाचूशिवाय गल्ला भरायचा म्हणजे धाडसच. पण त्या हट्टामुळेच त्या मुलखाचे प्राणी त्या मुलखाचे वाटले.

मुळात हे सगळं सुरू झालं तेच असं. पोकेमॉनचा जनक सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोच्या उपनगरात किडे गोळा करायचा. तिथल्या शेतांवर-तळ्यांवर पुढे इमारती आल्या, आणि कीटक शोधत हिंडण्याची मजा पुढच्या मुलांना मिळावी म्हणून त्याने १९९६ मध्ये ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले गेम काढले. कुठल्या डबक्यात कोण सापडतं हे माहीत असणं, हा या खेळाचा गाभा. महाराष्ट्रातल्या माझ्या पिढीला पोकेमॉन भेटला तो २००३ पासून कार्टून नेटवर्कवर, हिंदीतून. गेमबॉय फार थोड्यांच्या घरी. त्यामुळे आमच्या लेखी पोकेमॉन म्हणजे आधी पायी प्रवास: ॲश, मिस्टी, ब्रॉक, पुढचं गाव, वाटेतलं जंगल. लढाया नंतर.

मग २०१६ मध्ये हवाईवर बेतलेला ‘सन’-‘मून’ आला. त्यात तिथल्या उन्हाने एक्झेग्युटर नारळाच्या झाडाइतका उंच झाला. जागा प्राण्याला घडवते हे इतक्या विनोदी ढंगाने क्वचितच कुणी सांगितलं असेल. २०१९ च्या ‘सोर्ड’-‘शील्ड’मध्ये सगळे जुने पोकेमॉन नसतील असं जाहीर झालं, तेव्हा इथे केवढा गहजब झाला! माझ्या मते तो वाद चुकीच्या आकड्यावर झाला. प्राणी किती उरले यापेक्षा ते जिथे राहतात त्या जागा किती उरल्या, हे कुणी मोजलं नाही.

२०२२ च्या एकाच वर्षात दोन मोठे गेम निघाले. जानेवारीतल्या ‘लेजेंड्स: आर्सिअस’मध्ये गवतात दबा धरून थेट चेंडू फेकण्याची मजा होती, आणि ती खरोखर नवी होती. नोव्हेंबरमध्ये ‘स्कार्लेट’-‘व्हायोलेट’ आले. तीन दिवसांत जगभर एक कोटी प्रतींचा खप, आणि सोबत अडखळणारी चित्रं, जमिनीत रुतणारी माणसं. पुढच्याच महिन्यात निन्टेंडोला सुधारणेबरोबर दिलगिरीही व्यक्त करावी लागली. आर्व्हन आणि त्याच्या आजारी कुत्र्याची, माबॉस्टिफची, गोष्ट या मालिकेतल्या सर्वोत्तम गोष्टींपैकी आहे, आणि ती या ढिसाळपणात गुदमरली याचं वाईट वाटतं. पण मला जास्त खटकलं ते दुसरंच. पाल्डिया या त्यातल्या प्रदेशात कुठेही जा, म्हणतात. आणि शहरात गेलं की बहुतेक दुकानांत पाऊल ठेवता येत नाही. दारापाशी उभं राहायचं, यादी उघडते, खरेदी करायची, चालू पडायचं.

‘झेड-ए’ने घाई केली असं म्हणायची सोय नाही. घोषणा फेब्रुवारी २०२४ ची, आणि ते अख्खं वर्ष मुख्य गेमशिवाय गेलं. त्याचं फळ लढतींत दिसतं. एकदा तू, एकदा मी, ही जवळजवळ तीस वर्षांची पद्धत मोडून सगळं एकाच वेळी घडतं. कोणता वार किती लांब पोचतो, आपण स्वतः कुठे उभे आहोत, यावर डाव फिरतो. २०१३ मध्ये आलेली मेगा उत्क्रांती पुन्हा मानाने परतली. छपरांवरून उड्या मारत हिंडण्यात मजा आहे. आणि तरीही रानटी पोकेमॉन बहुतांशी कुंपण घातलेल्या वीस विभागांत कोंडलेले. शहराचा पुनर्विकास करणारी कंपनी हे विभाग आखते, अशी कथा आहे. यावर खोचक काही बोलता आलं असतं. गेम तोंड उघडतो आणि पुन्हा मिटतो. गेम विक्रीला यायच्या महिनाभर आधीच तीस डॉलरच्या जोडभागाची जाहिरात झाली होती, हे मात्र न चुकता.

पोकेमॉनच्या कार्डांची गोष्ट थोडी वेगळी. इथल्या दुकानांत कार्डांवरून इतकी झोंबाझोंबी की, २०२१ मध्ये विस्कॉन्सिनातल्या मारामारीनंतर टार्गेट या दुकानसाखळीने काही काळ विक्रीच थांबवली. जानेवारी २०२५ च्या ‘प्रिझमॅटिक एव्होल्यूशन्स’ या कार्डसंचाच्या वेळीही चढ्या भावाने विकणाऱ्यांचंच राज्य. पण या गोंधळात चित्रकार मात्र बहरलेत. ‘पाल्डिया इव्हॉल्व्ह्ड’ या २०२३ च्या संचातलं शिंजी कांदाचं मॅजिकार्प पाहा: कुचकामी म्हणून हिणवला गेलेला मासा, आणि त्याच्याभोवती उसळलेलं पाणीच पाणी. अडीच इंच रुंद कार्डावर मावतं ते एवढ्या मोठ्या लुमिओसमध्ये मावू नये? आणि हे कार्ड विकत घेणारे ते कडक प्लास्टिकमध्ये बंद करून त्याला दर्जाचा आकडा चिकटवून घेतात. चित्र बघायला वेळ कुणाला!

मार्च २०२६ चा ‘पोकोपिया’ मी म्हणूनच उत्सुकतेने घेतला. आपण डिट्टो, माणसाचं रूप घेतलेला. भोवती ओसाड, माणसं गेलेली जमीन. बल्बासॉरकडून गवत उगवायला शिकायचं, स्क्वर्टलकडून पाणी शिंपायला. गवताचा पट्टा तयार झाला की तिथे कुणीतरी राहायला येतं. लढती नाहीत, पदकं नाहीत, चेंडू फेकणं नाही. आधी जागा, मग प्राणी. ताजिरीच्या डबक्यांच्या इतकं जवळ गेल्या दहा वर्षांत या नावाचं दुसरं काही आलेलं नाही. तो गेम फ्रीकने एकट्याने बनवलेला नाही. कोई टेक्मोच्या ओमेगा फोर्सचा त्यात मोठा वाटा आहे. पुढचा मुख्य गेम कुठल्या देशावर बेतलाय यावर इथे पैजा लागतील, नवे किती यावर वाद होतील. मला त्या देशाची एखादी गल्ली, आणि तिथे दार ढकललं तर उघडणारं एखादं दुकान मिळालं तरी मी सत्तर डॉलर काढून देईन.