सोपं मोजमाप, पण नेमकं कशाचं?

संशोधनाची तयारी करताना एखादा लेख बारकाईने वाचून बघायचा असेल, तर वेस हेवर्ड आणि बॉब लार्किन यांचा 'सिंपल आरएफ-पॉवर मेजरमेंट' (क्यूएसटी, जून २००१) घ्या. एडी८३०७ हा लॉगरिदमिक डिटेक्टर वापरून घरच्या टेबलावर पॉवर मीटर कसा बांधायचा, ते यात आहे. हौशी रेडिओवाल्यांमध्ये ही रचना पुष्कळ चालली, आणि ते योग्यच झालं.

लेखाचं बळ साधेपणात आहे. पॉवर एक डीबीने वाढली की चिपचं आउटपुट सुमारे २५ मिलिव्होल्टने वाढतं. १०० वॉट म्हणजे +५० डीबीएम, पण चिपची मर्यादा +१७च्या आसपास. म्हणून मुख्य लाइनमधून ४० डीबी कमी करून नमुना घ्यायचा, मग चिपला फक्त +१० डीबीएम दिसतात. हिशोब स्वच्छ आहे.

आता प्रश्न विचारू. ते ४० डीबी खरंच ४० आहेत का? टॅप अर्ध्या डीबीने इकडेतिकडे झाला, तर १०० वॉटचे ११२ किंवा ८९ दिसतात. शिवाय रेझिस्टरभोवतीच्या नकोशा कपॅसिटन्समुळे हा आकडा फ्रिक्वेन्सीबरोबर सरकतो. तेव्हा ज्या फ्रिक्वेन्सीवर मोजायचंय, तिथेच टॅप तपासा.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ही चिप पॉवर मोजतच नाही. ती व्होल्टेजच्या पातळीचा लॉग देते, आणि तो साइन वेव्ह आहे असं धरून आपण त्याचे वॉट करतो. समजा १०० वॉटचा एक टोन चालू आहे. शेजारच्याच फ्रिक्वेन्सीवर तेवढाच दुसरा टोन सुरू केला. खरी सरासरी पॉवर झाली २०० वॉट. पण आदर्श लॉग डिटेक्टरच्या आउटपुटची सरासरी घेतली, तर ती जागची हलतच नाही, १०० वॉटच दाखवते! लॉगची सरासरी आणि सरासरीचा लॉग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बस्स. नॉइजसारख्या सिग्नलमध्येही याच कारणाने सुमारे २.५ डीबी कमी दिसतात.

म्हणून माझं मत असं: स्थिर कॅरिअरसाठी ही रचना आजही उत्तम. ओएफडीएमसारख्या सिग्नलची सरासरी पॉवर हवी असेल, तर थर्मल सेन्सर किंवा खरा आरएमएस डिटेक्टर घ्या. आणि पेपरात वॉटचा आकडा लिहाल, तेव्हा सिग्नल कोणता, फ्रिक्वेन्सी किती आणि कॅलिब्रेशन कशावर केलं, हेही त्याच परिच्छेदात लिहा.