वृत्ती, यश आणि फ्रँकल यांची साक्ष

माणसाचे सुख आणि यश त्याच्या मनोवृत्तीवर अवलंबून असते, असे सांगणाऱ्या पुस्तकांचा सध्या सुकाळ आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलांना ती बक्षीस म्हणून दिली जातात. आजाऱ्यांना कम्युनियन द्यावयास जावे, तर त्यांच्या उशाशीही ती आम्हांस आढळतात. या घराण्यातील बहुधा सर्वांत गाजलेला ग्रंथ म्हणजे न्यूयॉर्कचे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचा १९५२ सालचा ‘द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग’. ख्रिस्ताच्या बळावर आपणांस सर्व काही शक्य आहे, हे फिलिप्पैकरांस पत्रातील वचन पील वाचकाला पुनःपुन्हा घोकावयास सांगतात. मात्र संत पौल ते पत्र बंदिवासातून लिहीत होते आणि त्याच्या लगेच आधी, भुकेतही व विपुलतेतही समाधानाने राहण्यास आपण शिकलो आहोत, असे सांगत होते. एवढा संदर्भ गाळला की बंदिवानाच्या सोशिकतेचे वचन पेढीच्या भरभराटीचा मंत्र होऊन बसते.

याच विषयावरचे, पण अगदी निराळ्या जातीचे पुस्तक म्हणजे व्हिएन्नाचे यहुदी मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांचे ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’. मूळ जर्मन पुस्तक १९४६ साली निघाले. फ्रँकल यांनी ते आदल्या वर्षी अवघ्या नऊ दिवसांत लिहून काढले होते. १९४२ साली त्यांना थेरेसिएनश्टाट येथे व १९४४ साली ऑश्विट्झ येथे नेण्यात आले. आईवडील, भाऊ आणि पत्नी यांपैकी कोणीही छळछावण्यांतून परतले नाही.

माणसाचे सर्वस्व हिरावून घेतले, तरी प्राप्त परिस्थितीला कोणत्या वृत्तीने सामोरे जावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य त्याच्यापाशी उरते, हा फ्रँकल यांचा सिद्धान्त सर्वश्रुत आहे. वाचक तेवढाच उचलतात आणि पील व फ्रँकल यांना एका फळीवर ठेवतात. आमच्या मते हा अन्याय आहे. १९४४चा नाताळ आणि १९४५चे नववर्ष यांमधील आठवड्यात छावणीत मृत्यू फार वाढले. नाताळपर्यंत घरी पोहोचू, या भाबड्या आशेवर जगणारे बंदिवान ती तारीख टळताच खचले, असे तेथील मुख्य डॉक्टरांचे मत फ्रँकल नोंदवितात. म्हणजे निव्वळ आशावादही माणसाला बुडवू शकतो! दुसरीकडे ते एका मरणासन्न तरुणीची हकीकत सांगतात. खिडकीतून दिसणारी चेस्टनटची एक फांदी आणि तिच्यावरची दोन फुले एवढेच तिचे जग उरले होते. तरी ती प्रसन्न होती. ती थोड्याच दिवसांत वारली. तिच्या वृत्तीने तिला वाचविले नाही, आणि फ्रँकलही तसा दावा करीत नाहीत.

पुस्तकात उणिवा आहेत. फ्रँकल ऑश्विट्झमध्ये मोजकेच दिवस होते. पुढील महिने त्यांनी डाखावच्या उपछावण्यांत काढले. ऑश्विट्झच्या छायेत सुरू होणाऱ्या कथनातून हा भेद वाचकाला नीटसा कळत नाही. शिवाय भविष्यावरचा विश्वास गमावणारा संपला, हे त्यांचे म्हणणे तंतोतंत घेतले, तर ज्यांना गाडीतून उतरताच विषारी वायूच्या कोठडीत ढकलले त्यांचे काय? त्यांना वृत्ती निवडावयास कोणती सवड होती? फ्रँकल यांना याची जाणीव असावी. कारण आपल्यातील सर्वोत्तम माणसे परतलीच नाहीत, असे तेच प्रांजळपणे लिहितात. ही कबुली यशाच्या पुस्तकांत सापडत नाही. तेथे अपयशी माणूस स्वतःच दोषी ठरतो. राखेत बसलेल्या ईयोबाला त्याच्या मित्रांनी हेच ऐकविले होते. कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या मातेला ‘विचार बदला, बऱ्या व्हाल’ असे सांगणारे आप्त आम्ही पाहिले आहेत.

उत्तरार्धातील उपचारपद्धतीचे विवेचन रुक्ष आहे; सर्वसामान्य वाचकाने ते वगळले तरी चालेल. नंतरच्या आवृत्तींतील प्रस्तावना मात्र चुकवू नये. छावणीपूर्वी फ्रँकल यांना अमेरिकेचा परवाना मिळाला होता. जावे की वृद्ध आईवडिलांपाशी राहावे, या पेचात ते असता, पाडलेल्या सभास्थानातून वडिलांनी आणलेला संगमरवराचा तुकडा त्यांना घरी दिसला. त्यावर दहा आज्ञांपैकी एकीचे, मातापित्यांचा मान राखण्याच्या आज्ञेचे, एक अक्षर कोरलेले होते. फ्रँकल यांनी तो परवाना वापरला नाही.