शून्य लावून, शून्य काढून

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर कापडाचं एक जुनं दुकान आहे. दुकान तीन मजली, गोदाम वाळूजला, आणि या सगळ्यांना जोडणारी टेलिफोनची एक लहानशी पेटी गल्ल्यामागच्या कपाटात. वाळूजशी बोलणं इंटरनेटवरून होतं, बाहेरचे कॉल लँडलाइनवरून जातात. पेटीत अ‍ॅस्टरिस्क चालतं. कोणी कुठला नंबर फिरवला की कॉल कुठल्या वाटेनं जायचा, हे ज्या मजकुरात लिहिलेलं असतं त्याला डायल प्लॅन म्हणतात. या दुकानाचा डायल प्लॅन मी एखाद्या आवडत्या लेखासारखा पुन्हा पुन्हा वाचला आहे. एका पेठेची फोन करण्याची रीत इतक्या थोड्या अक्षरांत उतरलेली क्वचितच दिसते.

आधी लिपी. एक्स म्हणजे ० ते ९ पैकी कुठलाही अंक, झेड म्हणजे १ ते ९, एन म्हणजे २ ते ९. चौकटी कंसात ६-९ लिहिलं की त्या चारांपैकी एक. शेवटी टिंब दिलं की पुढे येईल ते सगळं. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाला १९९९ साली आपल्या नव्या कंपनीसाठी टेलिफोन यंत्रणा हवी होती, विकतची परवडेना, म्हणून त्यानं स्वतःच लिहायला घेतली. तेच अ‍ॅस्टरिस्क. ही काटकसर त्याच्या लिपीतही दिसते.

मजकुरातली मला सगळ्यात आवडलेली ओळ दिसायला अगदी साधी आहे: पाच, एक्स, एक्स. म्हणजे दुकानातले आतले नंबर पाचशेच्या घरातले. साड्यांचा काउंटर ५०१, गोदाम ५२१. पाचच का? इथे लिहिणाऱ्याची नजर कळते. शून्य बाहेरगावासाठी लागतं. एकनं ११२ आणि १०८ हे आणीबाणीचे नंबर सुरू होतात. सहा ते नऊ मोबाइलचे. दोन घ्यावा तर शहरातले बीएसएनएलचे सात अंकी नंबर दोननंच सुरू होतात. आतला नंबर २०१ ठेवला असता तर साध्या फोनवरून तीन अंक दाबल्यावर पेटी अडली असती: माणूस थांबला, की आणखी चार अंक दाबणार आहे? मग ती वाट पाहत बसते. सिस्कोच्या गेटवेवर, म्हणजे साधे फोन जोडणाऱ्या पेटीवर, दोन अंकांमधली ही मुदत मुळात १० सेकंदांची असते. लग्नसराईत गिऱ्हाईक समोर शालू पसरून बसलंय, गोदामातून रंग विचारायचा आहे आणि रिसीव्हर कानाला लावून दहा सेकंद शांतता! पाच हा अंक निवडून लिहिणाऱ्यानं ती शांतताच मिटवून टाकली. तिसरा अंक दाबला की वाळूजला घंटी वाजते.

पुढच्या दोन ओळी जोडीनं वाचायच्या. पहिलीत ०२४० आणि पुढे सात एक्स. रंगारगल्लीतल्या किंवा सिटी चौकातल्या व्यापाऱ्याचा नंबर बिलावरून बघून लावला की लोक एसटीडी कोडासकट लावतात, कारण बिलावर तो तसाच छापलेला असतो. ही ओळ पहिले चार अंक गाळते आणि उरलेले सात लँडलाइनवर पाठवते. दुसरी ओळ नेमकं उलट करते. कंसातले सहा ते नऊ, पुढे नऊ एक्स, म्हणजे दहा अंकी मोबाइल. त्याच्या सुरुवातीला ती स्वतःहून शून्य लावते. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना शून्य लावावं लागतं. काउंटरवरच्या पोरांच्या बोटांना दहाच अंकांची सवय. त्यांना कोणी काही शिकवलं नाही; सवय तशीच राहू दिली आणि नियम पेटीनं पाळला. एका ओळीत गाळणं, दुसरीत भरणं, आणि दोन्हींत लावणाऱ्याला पत्ताही नाही. चांगला मजकूर वाचणाऱ्याला असाच सांभाळून नेतो.

११२ ची ओळ वेगळी आहे. तिच्यात एक्स नाही, कंस नाही, टिंब नाही. अ‍ॅस्टरिस्कमध्ये ओळ वर लिहिली की खाली, याला महत्त्व नसतं. जी अधिक नेमकी ती जिंकते. त्यामुळे ही ओळ मजकुरात कुठेही असती तरी चाललं असतं. तरीही लिहिणाऱ्यानं ती सर्वांत वर ठेवली आहे. यंत्राला त्याची गरज नव्हती. ती जागा पुढे फाइल उघडणाऱ्या माणसासाठी आहे, आणि ते मला फार भावतं.

टिंबाबद्दल मात्र लिहिणारा कंजूष आहे, आणि तेच योग्य. एक्स आणि टिंब, एवढ्यावर सगळे कॉल भागतात, म्हणून घाईत बसवलेल्या पेट्यांमध्ये ही ओळ हमखास सापडते. बाहेरच्या माणसाला अशी ओळ हाती लागली की रात्रीतून परदेशी कॉल होतात आणि बिल दुकानाच्या नावावर येतं. इथे टिंब एकदाच येतं, दोन शून्यांनंतर, आणि ती ओळ फक्त मालकांच्या केबिनच्या गटात आहे. काउंटरच्या फोनना ती दिसतच नाही.

एक उणीव राहिली आहे. लँडलाइन बिघडली किंवा गुंतलेली असली तर दुसरी वाट कुठली, हे कुठल्याच ओळीत नाही. ११२ लाही नाही. कॉल न लागल्याचं कारण अ‍ॅस्टरिस्क सांगतं. ते पाहून मोबाइलच्या सिमवरून कॉल काढण्याची एक ओळ पुरली असती. आणि वीज गेली की हा मजकूर वाचायला पेटीच चालू नसते. काही गेटवेंना अशा वेळी लँडलाइन थेट एका साध्या फोनला जोडणारं सॉकेट असतं. या पेटीला ते आहे, फक्त त्यात अजून फोन लावलेला नाही.