कृतीची संहिता आणि प्रोग्रेसिव्ह रॉकचा आकृतिबंध : ‘अगम’च्या दोन अल्बमांच्या निमित्ताने

बंगळुरूतील राजाजीनगर ही स्वातंत्र्यानंतर औद्योगिक उपनगर म्हणून वाढलेली वसाहत. तिला ज्यांचे नाव आहे त्या चक्रवर्ती राजगोपालाचारींनी १९४०च्या दशकात तमिळ इसै चळवळीचा पुरस्कार केला होता. तमिळ श्रोत्यांनी तेलुगू आणि संस्कृत रचना अर्थ न उमगता किती काळ ऐकाव्यात, हा त्या चळवळीचा मूलभूत प्रश्न होता. याच शहरात २००३ मध्ये स्थापन झालेल्या ‘अगम’ या कर्नाटक संगीताधारित प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या अल्बमांचा विचार करताना तो प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. गिटार आणि ड्रम यांच्या कल्लोळात त्यागराजांचे शब्द हरवतात, असा आक्षेप सहज घेता येईल. मात्र बहुसंख्य श्रोत्यांच्या लेखी ते शब्द पूर्वीही अर्थापेक्षा नादरूपानेच अस्तित्वात होते, हे विसरून चालणार नाही.

गायक व व्हायोलिनवादक हरीश शिवरामकृष्णन आणि त्यांचे बहुतेक सहकारी माहिती-तंत्रज्ञानादी क्षेत्रांत नोकरी करणारे. २००७ मध्ये सन टीव्हीवरील ‘ऊ ला ला ला’ या स्पर्धेने त्यांचे नाव दूरवर पोहोचवले, तरी ‘द इनर सेल्फ अवेकन्स’ हा पहिला अल्बम प्रकाशित व्हायला २०१२ साल उजाडावे लागले. ‘अ ड्रीम टु रिमेंबर’ हा दुसरा २०१७ मध्ये आला. १९७०च्या आसपासचे इंग्रज बँड कंपन्यांच्या करारांवर वर्षाला एक अल्बम देत होते. येथे निर्मितीचा कालच निराळा आहे, नोकरीतून उरलेल्या वेळेचा. या संथपणाने रचनांचा फायदाच केला असे दिसते.

नावातच एक सूचन आहे. मराठी कानाला ‘आगम-निगम’ आठवेल. परंतु तमिळमध्ये ‘अगम’ म्हणजे आंतरिक, आणि संगम काव्यशास्त्रातील ‘अगम-पुरम’ या विभागणीत ते अंतर्विश्वाचे, प्रणयाचे काव्य. पहिल्या अल्बमचे इंग्रजी शीर्षक याच अर्थाकडे निर्देश करते. अंतर्मुख संहितेला हजारोंच्या समोर, विद्युत्-वाद्यांच्या साथीने ‘पुरम’मध्ये आणणे हा या प्रकल्पातील खरा ताण आहे.

तुलनेसाठी एक उदाहरण उपयुक्त ठरेल. इमर्सन, लेक अँड पामर या इंग्रज त्रयीने १९७१ मध्ये मुसॉर्ग्स्कीची १८७४ची पियानोरचना ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ रॉकमध्ये आणली. मूळ रचना शब्दहीन होती. ग्रेग लेक यांनी तिच्यात शब्द घातले. अभिजात कृतीचे हे पुनर्लेखन होय. ‘अगम’ पारंपरिक कृती हाताळतो तेव्हा प्रक्रिया नेमकी उलट घडते. शब्द आधीच आहेत, तेही पूज्य. त्यांना हात लावायचा नाही, आणि सगळे नावीन्य त्यांच्या भोवतालात घडवायचे. ही मर्यादा स्वतःहून स्वीकारलेली आहे आणि ती शिस्त म्हणून अनेकदा फळते. परंतु संहितेचा अन्वयार्थ लावण्याची जबाबदारी त्यातून टाळलीही जाते.

दुसऱ्या अल्बममधील ‘मनव्यालकिंचरा’ हे याचे बोलके उदाहरण. नलिनकांती रागातील या कृतीत त्यागराज आपल्याच मनाला विनवतात : माझे ऐक, तुला सारे मर्म सांगतो. कर्मकांडात गुरफटून भवारण्यात कष्टणाऱ्या माणसांना वाट दाखवण्यासाठी राम मनुष्यरूपाने आला, असे ते मर्म. मनाला समोर बसवून बोलण्याची ही रीत रामदासांच्या ‘मनाच्या श्लोकां’नी मराठी वाचकाला परिचित आहे, आणि भोसल्यांच्या तंजावरात रामदासी मठही होते, हे येथे नोंदवावेसे वाटते. कर्मकांडावरील टीकेची एवढी धारदार संहिता हाती असताना अल्बममध्ये तिला दिलेले इंग्रजी नाव ‘मिस्ट ऑफ कॅप्रिकॉर्न’, म्हणजे मकरातले धुके! नवा अर्थ सुचवण्याची मोकळीक शीर्षकात होती; तेथेच अर्थ धूसर केला गेला.

सांगीतिक पातळीवर मात्र चित्र वेगळे आहे. विषम मात्रांचे प्रयोग हा प्रोग्रेसिव्ह रॉकच्या अभिमानाचा विषय. मिश्रचापूच्या सात आणि खंडचापूच्या पाच मात्रा कर्नाटक संगीताच्या विद्यार्थ्याला प्राथमिक धड्यातच भेटतात. त्यामुळे ‘अगम’ला नवलाई तालात शोधावी लागत नाही. प्रश्न उद्भवतो तो संगतींचा. संगती म्हणजे एकाच ओळीचे चढत्या क्रमाने उलगडणारे स्वररूप. ती साचत जाते. गिटारचा रिफ हा स्वभावतः स्थिर, पुनरावृत्त. दोन्ही एकत्र आले की कधी रिफ संगतीला अधिष्ठान देतो, तर कधी तिची वाढ जखडून टाकतो.

शुद्धतेच्या नावाने या सरमिसळीला विरोध करणाऱ्यांना तंजावरचा इतिहास साथ देणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनातील साकी, दिंडी, अभंग हे छंद हरिकथेत रुजवले. दक्षिणेने ते आपलेच मानले. फरक इतकाच की ते छंद आख्यान पुढे नेत होते. रॉकच्या वाद्यखंडांना असे आख्यान दिलेले नसते. ते अल्बमच्या एकसंध रचनेतून निर्माण करावे लागते आणि दोन्ही अल्बमांत ते तुटक राहिले आहे. गीते सुटी सुटी उत्तम, त्यांचा क्रम बदलला तरी फारसे बिघडत नाही.

म्हणूनच पहिल्या अल्बममधील धनाश्री तिल्लाना सर्वांत निर्वेध वाटतो. स्वाती तिरुनाळांच्या (१८१३–१८४६) या रचनेत बहुतांश बोल हे नादाक्षरे. अर्थ आणि आवाज यांत निवड करण्याची वेळच येत नाही. अखेरीस तेवढे पद्मनाभाला उद्देशून, ब्रज वळणाच्या हिंदीत, काही अर्थपूर्ण शब्द येतात. लिहिणारा त्रावणकोरचा मल्याळी राजा, आणि त्याच्या दरबारी तंजावरहून आलेले मराठी कीर्तनकार मेरुस्वामी त्याला संगीत शिकवीत होते.