वाख कुजविणारी विकरे : संशोधनपद्धतीची समीक्षा

अंबाडी व ताग (येथे ताग म्हणजे बंगालचा ज्यूट नव्हे) यांच्या सालीतील वाख पेक्टिनाने एकत्र बांधलेला असतो. काड्या पाण्यात भिजत घातल्या की जिवाणूंची विकरे हे पेक्टिन विरघळवितात व वाख मोकळा होतो. कुजविणे ही वस्तुतः आवरलेली नासाडी होय. पेक्टिनाबरोबर सेल्युलोजही तुटू लागले, तर दोराचा पीळ धरत नाही.

अशा जिवाणूंच्या वाढीस अनुकूल परिस्थिती शोधणारे प्रबंध विद्यापीठांतून बरेच लिहिले जातात. त्यांचा साचा ठरलेला असतो : तापमान, सामू, कर्बस्रोत व नत्रस्रोत एकामागून एक बदलावयाचे आणि प्रत्येक मिलिलिटरमागे सर्वाधिक एकके देणारी परिस्थिती उत्तम ठरवावयाची. प्रश्न हा, की उत्तम कशासाठी?

कर्बस्रोताचे उदाहरण बोलके आहे. ग्लुकोजने जिवाणू भराभर वाढतो, पण पेक्टिन तोडणाऱ्या विकरांची निर्मिती बहुधा दबते. पेक्टिन दिले की ती जागी होते. परंतु शुद्ध पेक्टिन महाग, म्हणून स्थानिक टाकाऊ द्रव्य सुचविण्याचा मोह होतो. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात तर उसाचे चिपाड नजरेसमोरच असते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास उभा राहिला तेव्हापासून त्याची वाण कधी पडली नाही. (ते टाकाऊही नव्हे; कारखान्याचे बॉयलर त्यावरच पेटतात.) पण चिपाडात पेक्टिन अल्प, झायलान व सेल्युलोज विपुल. त्यावर वाढविलेला जिवाणू, त्याच्या अंगी ती शक्ती असल्यास, झायलनेज व सेल्युलेज स्रवू लागतो. कागदाच्या लगद्यासाठी सेल्युलेजरहित झायलनेज हवेच असते. वाखासाठी मात्र सेल्युलेज म्हणजे घात. पेक्टिनेजाच्या एककांशेजारी सेल्युलेजाचा आकडा न देणारा तक्ता म्हणूनच निरुपयोगी नव्हे, तर दिशाभूल करणारा ठरतो.

सामूविषयीही असाच घोटाळा होतो. जिवाणू ज्या सामूत वाढतो आणि विकर ज्या सामूत काम करते, ते दोन निराळे. होरिकोशी यांनी 1972 मध्ये वर्णिलेले बॅसिलसाचे पेक्टिनेज अल्कधर्मी द्रवात कार्यक्षम असते. पुढे जपानात मित्सुमाताची साल अशाच जिवाणूंनी कुजवून कागद करण्यात आला. तेथे द्रव अल्कधर्मी राखला होता. गावाकडील खड्ड्यात मात्र कुजताना सेंद्रिय आम्ले साठतात. शिवाय चंचुपात्र हलविले जाते, खड्ड्याचे पाणी स्तब्ध असते; प्राणवायू संपल्यावर तेथे क्लॉस्ट्रिडियम वरचढ होतो. विकराची परीक्षा पन्नास अंशांवर दहा मिनिटे घ्यावयाची आणि निष्कर्ष हिवाळ्यातील पाण्याला लावावयाचा, यात तर्क कोठे आहे?

बराकपूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेने बॅसिलस पुमिलसाच्या निवडक वाणांची भुकटी तयार केली, तेव्हा ती ज्यूटच्या प्रत्यक्ष कुजवणीत पारखली गेली. सुमारे तीन आठवड्यांचा काळ दोनवर आला. कुजवणीस काड्यांच्या वजनाच्या सुमारे वीसपट पाणी लागते, असा परंपरेचा हिशेब आहे. पारनेर, पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत हे पाणी आणावयाचे कोठून? थोड्या पाण्यात, तुंबलेल्या आम्लात व थंडीत आपला जिवाणू काय करतो आणि सुकलेल्या वाखाची ताणशक्ती किती उरते, हे प्रबंधाच्या पहिल्याच तक्त्यात यावयास हवे.