गंडा नको, फी सांगा



आपल्या पानांवर शब्दाची चर्चा पुष्कळ होते. भाषा कुणाची, प्रमाण कोण ठरवतं, कवितेत शिवी आली तर बामणी समीक्षकाच्या पोटात का दुखतं, यावर आपण रात्र रात्र भांडतो. पण जलशात त्या शब्दाच्या मागे पेटी घेऊन बसलेल्या माणसाची समीक्षा कुणी केली? तो कुठे शिकला, कुणी शिकवलं, शिकताना त्याला काय काय सोसावं लागलं, हे कुणी विचारलंय? शब्दाला आपण विद्रोह म्हणतो आणि सुराला साथ म्हणतो. साथ म्हणजे मागे बसणं. ही मांडणी आपली नाही. ती वरून आलेली आहे आणि आपण ती गपगुमान चालवतोय.

वाद्य आणि आपण यांचा हिशोब आधी मांडू. गावगाड्यात वाद्य आपल्या हातात होतंच. डफडं, हलगी, सनई. लग्न त्यांचं, देव त्यांचा, वाजवायचं मात्र महारा-मांगानं, तेही मांडवाच्या बाहेर उभं राहून. ती कला नव्हती, ते बलुतं होतं. १९२७ च्या महाडनंतर आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर तर ठामपणे गावोगाव आपल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं आणि वाजवणंही सोडलं. तो नकार मोठा होता. पोटावर पाय आला तरी दिलेला. त्या नकाराला हात लावायचा नाही. पण ज्या मातंग भावांनी हलगी सोडली नाही त्यांना आपल्यातल्याच काहींनी हिणवलं, ते वाईट झालं. सोडायची होती ती सक्ती. कातड्यावर बोटं पडली की जो नाद उठतो त्याचा काय गुन्हा?

आता दुसरी बाजू. गावातलं वाद्य टाकून शहरात आलेल्या पोराला पेटी, तबला, व्हायोलिन शिकायचं म्हटलं तर तो जाणार कुठे? इथे खाजगी गुरुजीची पाटी येते, आणि माझी समीक्षा या पाटीची आहे.

खारदांडा घ्या. इकडे कोळीवाडा, सुक्या मासळीचा वास, होड्या, आणि मागच्या गल्ल्यांत आपल्यासारखी भाड्याने राहणारी माणसं. तिकडे पंधरा मिनिटं चाललं की खारचे मोठे रस्ते, तिथे संगीताच्या क्लासच्या पाट्या. अशाच एका पाटीखाली आम्ही तिघं पेटी शिकायला गेलो. फी किती हे आम्ही विचारलं. त्यांनी पूर्ण नाव विचारलं. मग कुठे राहता. मग हसून विचारलं, "घरात गाणं आहे का?"

हा प्रश्न नीट वाचा. साहित्याच्या प्रांतात 'अनुभवाची व्यापकता' म्हणून जे विचारतात तोच हा प्रश्न आहे. आमच्या घरात गाणं नाही? आज्जीच्या जात्यावर होतं, जयंतीच्या ट्रकवर आहे, वस्तीत कुणी मेलं तर रात्रभर आहे. पण त्यांना ते गाणं नको होतं. 'घरात गाणं' म्हणजे घराणं, आणि घराणं म्हणजे वारसा. ज्याच्या बापाला देवळाच्या पायरीवर उभं केलं नाही त्याला वारसा विचारायचा! पुढे सांगितलं, सहा महिने नुसतं येऊन ऐका. पेटीला हात लावू दिला नाही.

मिलचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला हे नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणायच्या खात्यात अस्पृश्याला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो आणि उष्टं होतं. मजुरी जास्त होती ती याच खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. धोट्याला तोंड लागलं की बाट, पण गावात सनईला आमचं तोंड लागलं तरी लग्न मात्र शुभच. म्हणजे प्रश्न उष्ट्याचा नव्हता. कुठल्या हाताने कुठली वस्तू धरायची हे कोण ठरवणार, याचा होता.

वाद्य बनवायला आपले हात चालतात हेही पाहा. टी. एम. कृष्णा या कर्नाटक संगीताच्या गायकाने 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक २०२० साली काढलं. मृदंगम् बनवणाऱ्यांवर, त्यातल्या दलित ख्रिश्चन कारागिरांवर. गायीचं, म्हशीचं, बकऱ्याचं कातडं कमवून वाद्य तयार करणारे हे हात, आणि ते मांडीवर घेऊन सभागृहात बसणारा वादक बहुतेक वेळा ब्राह्मण. मद्रासच्या कलाक्षेत्राने या पुस्तकाच्या प्रकाशनाला दिलेलं सभागृह आयत्या वेळी नाकारलं. कातडं चालतं, कातड्याची गोष्ट चालत नाही.

कुणी म्हणेल, आता काळ बदलला. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं दरबारातून आणि कोठीवरून बाहेर आणलं. भातखंड्यांनी उस्तादांच्या चिजा गोळा करून, स्वरलिपीत लिहून छापल्या. हे काम मोठं आहे, नाकारत नाही. लिहिलेला सूर कुणालाही वाचता येतो, यात लोकशाही आहे. पण शाळा निघाली आणि तिच्या आत गुरुपौर्णिमा, पादुका, पाया पडणं तसंच राहिलं. दार उघडलं, उंबरठा नाही काढला.

चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' (२०२०) हा मराठी सिनेमा आपल्या पोरांनी बघायला पायजे, आणि आपल्या डोळ्यांनी बघायला पायजे. शरद नेरुळकर नावाचा तरुण शास्त्रीय गाणं शिकतो. गुरूचं अंग रगडतो, दुखणंखुपणं काढतो, रात्री मोटारसायकलवर माईंची जुनी भाषणं कानात घालून फिरतो. गाणं म्हणजे तपश्चर्या, ऐकणाऱ्यासाठी गायचंच नाही, असं त्या माई सांगतात. वर्षं जातात. शरदला ते गाणं काही येत नाही. पुढे तो स्वतः शिकवायला लागतो, आणि एका पोराला कॉलेजच्या बँडमध्ये गायचं असतं तर त्याचा पाणउतारा करतो. जे आपल्यावर झालं तेच तो खाली ढकलतो. दिग्दर्शकाने हे प्रामाणिकपणे दाखवलंय, याबद्दल त्याला मानलं पाहिजे. भक्तीने माणूस कसा आतून पोखरतो ते इतकं शांतपणे मराठीत कुणी दाखवलं नव्हतं.

पण एक प्रश्न सिनेमा विचारत नाही. शरद निदान त्या दारातून आत गेला. त्याचं अपयशसुद्धा आतल्या माणसाचं अपयश आहे. ज्याला उंबऱ्यावरच थांबवलं त्याच्या वाट्याला अपयशही येत नाही. ह्याच ताम्हाणेने 'कोर्ट' (२०१४) मध्ये नारायण कांबळे हा शाहीर उभा केला होता. वीरा साथीदार यांनी केला, आपला माणूस, २०२१ मध्ये कोरोनाने गेला. एका सिनेमात शाहीर आहे, त्याला गुरू नाही पण पोलीस आहेत. दुसऱ्यात शिष्य आहे, त्याला गुरू आहे पण लोक नाहीत. हे दोघं एकमेकांना भेटत नाहीत. 'डिसायपल'च्या शेवटी लोकलच्या डब्यात एक फिरस्ता गात येतो आणि शरद त्याच्याकडे बघतो. बस, एवढीच भेट. त्या फिरस्त्याला कुणी शिकवलं? माझ्यासाठी सिनेमा तिथे सुरू होतो, आणि त्यांच्यासाठी तो तिथे संपतो.

मग बिनगुरूचं शिकणं आपल्याकडे नाही का? आहे. कोळीवाड्याच्या हळदीत नि गणपतीत जो बेंजो वाजतो तो बघा. टाईपरायटरसारखी बटणं आणि तारा. हे वाद्य जपानमध्ये १९१२ साली नागोयाला निघालं, आपल्याकडे बुलबुलतरंग झालं, आणि कर्णे लावून मुंबईत बेंजो झालं. बेंजो हे नाव मुळात अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या वाद्याचं. पोरगं पार्टीत मागे उभं राहून बघतं, ऐकतं, एक दिवस हात मारतं. गंडा नाही, नजराणा नाही. पण तिथेही स्वरलिपी नाही, हात चुकला तर थांबवून सांगणारा नाही, आणि सीझन संपला की पोरगं पुन्हा हमालीवर. फोनवर यूट्यूबचा मास्तर आडनाव विचारत नाही हे खरं, पण त्याला तुझी बोटं दिसत नाहीत. चुकीचं बोट एकदा बसलं की दहा वर्षं हलत नाही. साच्यावर नवा माणूस शेजारी उभा करूनच शिकवतात, त्याचं कारण हेच. म्हणून मास्तर लागतो. देव लागत नाही.

इथे बाबासाहेबांचं व्हायोलिन आठवा. आयुष्याच्या उत्तरार्धात, एवढ्या कामाच्या रगाड्यात, त्यांनी शिकवणी लावून व्हायोलिन शिकायला घेतलं. ते व्हायोलिन पुण्याला सिंबायोसिसच्या आंबेडकर संग्रहालयात आहे. आपण जयंतीला त्यांचं पेन मिरवतो, व्हायोलिन मिरवत नाही. का? पेनाने घटना झाली, व्हायोलिनने काय झालं, असंच ना? अरे, ज्या जातीला वाजवणं सक्तीचं होतं त्या जातीचा माणूस स्वतःच्या मर्जीने, कुणाच्या लग्नासाठी नाही की कुणाच्या देवासाठी नाही, गज हातात घेतो. बलुत्याच्या वाजवण्याला याहून पक्कं उत्तर कुठलं?

तेव्हा पोरांनो, मास्तर शोधताना तीन गोष्टी आधी विचारा. फी किती आणि तिच्यात काय शिकवणार. सूर लिहायला-वाचायला शिकवणार का. पहिल्या दिवशी वाद्याला हात लावू देणार का. आडनाव विचारलं तर सांगा, लपवू नका, आणि त्यानंतर तोंड बदललं तर उठा. वाद्य लगेच विकत घेऊ नका. जुनी पेटी घ्यायची तर भाता भरून, एकही पट्टी न दाबता बघा. भाता भराभर बसला तर हवा गळते, पैसे टाकू नका.

आणि पेटीला कमी समजू नका. १९४० साली सरकारी रेडिओने पेटीला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. हिंदुस्थानी सुराला ती लागत नाही म्हणाले. त्याच काळात आपले जलसे त्याच पेटीवर वस्ती जागवत होते. वामनदादा कर्डकांचे शब्द पुस्तकात आले. पण जलशांच्या कित्येक चाली ज्यांच्या गळ्यात नि बोटांत होत्या त्यांच्याबरोबरच मातीत गेल्या, कारण लिहून ठेवणारा हात आपण तयार केला नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. प्रत्येक विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी वंदनेनंतर वाद्याचा वर्ग. मास्तर कुठल्याही जातीचा चालेल, फी ठरवून घेईल, पाया पडून घेणार नाही. हलगीवाला मातंग म्हातारा आणि पेटीवाला मास्तर एकाच सतरंजीवर बसतील, दोघांना सारखी फी. पोरी पुढे बसतील. पहिल्या वर्षी एकच काम: वस्तीत जी भीमगीतं गातात त्यातल्या पन्नास चाली स्वरलिपीत उतरवायच्या. कविता छापायला आपण वर्गणी काढतोच. या महिन्याची वर्गणी पेटीसाठी काढा.