स्मरणरंजन आणि नाट्यपद : हौशी संगीतसंध्यांचा विचार

महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी जुन्या नाट्यपदांच्या संध्याकाळी आता चांगल्याच रुळल्या आहेत. गावातील काही हौशी मंडळी एकत्र येतात, वाचनालयाचे सभागृह किंवा शाळेचे पटांगण मिळवितात, वर्गणी गोळा करतात आणि वर्षातून एकदोन वेळा असा कार्यक्रम उभा करतात. गाणारे व्यवसायाने शिक्षक, बँकेतील नोकर, डॉक्टर, गृहिणी; तबल्यावर बहुधा गावच्या भजनी मंडळातील कोणी. मानधन कोणासच नसते. सतरंज्या घालणारा आणि भैरवी म्हणणारा पुष्कळदा एकच असतो. या उपक्रमांच्या वाट्याला स्थानिक वृत्तपत्रांतून कौतुक येते आणि अभ्यासकांकडून उपेक्षा. कौतुक करणारा ‘जुना ठेवा जतन होत आहे’ असे म्हणून थांबतो. उपेक्षा करणारा ‘हे स्मरणरंजन आहे’ एवढे म्हणून मोकळा होतो. या मंडळींच्या श्रमांची बूज राखावयाची, तर त्यांच्या कार्याला एक प्रश्न विचारलाच पाहिजे : येथे जतन होते ते नेमके काय?

या प्रश्नासाठी नाट्यपदाच्या मूळ स्वरूपाकडे वळावे लागते. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा गाण्याचा मुख्य भार सूत्रधाराकडे होता. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने १८८० साली तो भार पात्रांकडे दिला. ही केवळ सोय नव्हती. पद हे यापुढे पात्राचे बोलणे झाले. ‘शाकुंतला’त शंभराहून अधिक पदे आहेत, याचा आज अचंबा वाटतो, पण त्यांतील पुष्कळशी साकी, दिंडी, कामदा अशा छोट्या चालींतील आहेत, आणि ती संवादाचाच एक तुकडा म्हणून येतात व जातात. कीर्तनातून आणि घरगुती गाण्यांतून श्रोत्यांच्या कानांत आधीच बसलेल्या या चाली असल्यामुळे बोलण्यातून गाण्यात जाताना पात्राला थांबावे लागत नसे. १८८२ च्या ‘सौभद्रा’त हीच रीत अधिक सफाईने दिसते. बलरामाने सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी ठरविला आहे, हे प्रेक्षकास ठाऊक असते. म्हणून आश्रय शोधणारे तिचे पद त्याला निव्वळ करुण वाटत नाही, पुढे काय होणार ही उत्कंठाही त्यात मिसळलेली असते.

पुढे नाटकाने रागसंगीताशी जवळीक वाढविली. ‘मानापमाना’ला (१९११) गोविंदराव टेंबे यांच्या, तर ‘स्वयंवरा’ला (१९१६) भास्करबुवा बखले यांच्या चाली लाभल्या. पदांची संख्या घटली, विस्तार वाढला, ‘वन्स मोअर’चा गजर सुरू झाला आणि नाटक गाण्यासाठी थांबू लागले. नाट्यपदाचा मैफलीकडे प्रवास येथेच सुरू झाला, हे मान्य केले पाहिजे. पदे नाटकापासून तोडल्याचा सारा दोष आजच्या हौशी गायकांच्या माथी मारणे त्यामुळे न्याय्य होणार नाही.

तोडण्याचे निर्णायक काम मात्र ध्वनिमुद्रिकेने केले. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. रंगभूमीवर रात्रीच्या लहरीप्रमाणे फुलणारे पद त्या मापात बसवावे लागले : ध्रुपद, एखादा अंतरा, मोजक्या ताना आणि समाप्ती. आधीचे भाषण वगळले, नंतरचे वगळले. बोलपट आल्यावर १९३० नंतरच्या दशकात मोठ्या नाटक कंपन्यांना उतरती कळा लागली, आणि नाट्यपदाचा मुख्य मुक्काम तबकडीत व पुढे आकाशवाणीवर झाला. जे तबकडीवर चढले नाही, ते लोकांच्या कानांतूनही गेले. छोट्या साक्या, दिंड्या, प्रसंगापुरते येणारे दोन ओळींचे उद्गार यांतील फारच थोडे उरले.

हा इतिहास ध्यानी घेऊन आजच्या संध्याकाळी ऐकल्या म्हणजे एक विलक्षण गोष्ट प्रत्ययास येते. बालगंधर्व १९६७ साली निवर्तले. आज पन्नाशीत असलेल्या गायकाचा जन्मच त्यानंतरचा आहे. तो ज्याचे स्मरण करतो ते त्याने पाहिलेले नाही. त्याचे स्मरण रेडिओवरून, वडिलांच्या कॅसेटवरून आणि अलीकडे यूट्यूबवरून आलेले आहे. म्हणूनच तो पद गातो ते तीन मिनिटांच्या मापातच गातो. तबकडीवर जिथे तान आहे तिथेच त्याची तान. जिथे तिथला श्वास, तिथेच याचा श्वास. ज्या गायकनटाची कीर्ती प्रत्येक प्रयोगाला नवे काही सुचण्याबद्दल होती, त्याचे एकच गाणे आज अक्षरशः गिरविले जाते. रंगभूमीचे स्मरण म्हणून जे सादर होते, ते वस्तुतः ध्वनिमुद्रिकेचे स्मरण होय. नकलेची ही नक्कल कितीही निष्ठेची असली, तरी मूळ कलेच्या स्वभावाशी तिचा मेळ बसत नाही.

या विच्छेदाचा परिणाम केवळ संगीतापुरता नाही, अर्थापर्यंत तो जातो. ‘एकच प्याला’ (१९१९) या नाटकातील सिंधूचे उदाहरण पाहावे. नाटक राम गणेश गडकरी यांचे, त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची. दारूने घर धुळीस मिळविणाऱ्या पतीला सोडून माहेरी चलावे असा आग्रह होत असता सिंधू नकार देते, आणि तो नकार ती पदातून सांगते. कृष्णाकाठच्या एका गावी मी हे पद ऐकले. गाणाऱ्या बाईंचा आवाज गोड होता, सूर पक्का होता; टाळ्याही भरपूर पडल्या. निवेदकाने त्यापूर्वी राग सांगितला, बालगंधर्वांच्या शालूंविषयी एक आख्यायिका सांगितली. सिंधू कोणाला नकार देत आहे आणि त्या नकाराची किंमत पुढे काय पडणार आहे, हे सांगितले नाही. श्रोत्यांनी ते पद जवळजवळ भक्तिगीतासारखे ऐकले. नाटकात हेच पद ऐकताना प्रेक्षकाच्या मनात आदर आणि संताप एकाच वेळी उठतात. या निष्ठेला वंदन करावे की तिच्याविरुद्ध ओरडावे, हे त्याला कळत नाही. ही अस्वस्थता म्हणजेच ते पद होय. ती काढून घेतल्यावर उरतो तो गोडवा. स्मरणरंजनाचा खरा धोका येथे आहे : ते भूतकाळातील माधुर्य ठेवते, भूतकाळाने उपस्थित केलेले प्रश्न ठेवत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, हौशी मंडळींनी संपूर्ण नाटक करावे ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. वेषभूषा, नेपथ्य, महिनोन्‌महिने तालमी, गाणारे व अभिनय करणारे नट हे सारे लहान गावाने आणावे कोठून? आक्षेपात तथ्य आहे; परंतु तो वाटतो तितका निर्णायक नाही. गोव्यात देवस्थानांच्या उत्सवांत गावकरीच संगीत नाटके उभी करतात. तेथे शेजारी नट असतो, शेजारीच प्रेक्षक, आणि पद कथेच्या ओघात येते. महाराष्ट्रातही राज्य नाट्यस्पर्धेतील संगीत नाटकांच्या विभागात हौशी संघ उतरत असतात. म्हणजे सामर्थ्याचा सर्वस्वी अभाव आहे असे नाही. अभाव आहे तो नाट्यपदाला नाटकाचा अवयव समजण्याच्या सवयीचा.

शिवाय संपूर्ण नाटक हा एकच पर्याय नव्हे. दहा नाटकांतील पंधरा पदे ओळीने म्हणण्याऐवजी एका नाटकातील दोन प्रवेश घ्यावेत. पोशाखाविना, पुस्तक हातात धरून वाचले तरी चालतील, पण पद जिथे येते तिथेच ते यावे. ज्या चाली तबकडीवर गेल्या नाहीत त्या किर्लोस्करी साक्या-दिंड्या मुद्दाम शोधाव्यात. त्यांचा एक मोठा गुण असा की, त्यांना तालमीतला दमदार गळा लागत नाही. मोठ्या गायकाच्या तानांपुढे जो हौशी आवाज उणा पडतो, तोच दिंडीत शोभून दिसतो. कारण ती चाल मुळात बोलणाऱ्या माणसाची आहे. निवेदकाने आख्यायिका आवराव्यात आणि प्रसंग सांगावा. कार्यक्रमाचा खर्च यात वाढत नाही, वाढतो तो फक्त अभ्यास.

त्या संध्याकाळचाच आणखी एक प्रसंग सांगावयाचा आहे. सिंधूचे पद सुरू होण्याआधी पेटी सूर धरीत असता माझ्या शेजारच्या एका वृद्ध बाई ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होत्या. मला वाटले, त्या पदाचे शब्द आठवीत आहेत. नंतर विचारले तेव्हा कळले, त्या पदाआधीचे भाषण म्हणत होत्या. तरुणपणी गावच्या गणेशोत्सवात त्यांनी सिंधूचे काम केले होते. पद सर्वांनाच येते, असे त्या म्हणाल्या. भाषण आता कोणी विचारीत नाही. त्या सभागृहात ‘एकच प्याला’ खऱ्या अर्थाने ज्यांच्यापाशी जिवंत होता त्या बाई व्यासपीठावर नव्हत्या, तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. अशी माणसे अजून गावोगावी असतील. हौशी मंडळींनी पुढील कार्यक्रमाची आखणी करताना प्रथम त्यांच्याकडे जावे, वही घेऊन बसावे आणि पदाआधी काय बोलत होते ते विचारावे. असे झाले तर या संध्याकाळींना रंजनाबरोबर संशोधनाचेही मोल येईल, आणि ‘जतन’ हा शब्द त्यांच्याविषयी निःशंकपणे वापरता येईल.